कपाटातले अहवाल आधी बाहेर काढा : जिल्हा नियोजन समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, कोल्हापूर

विषय : सल्लागार कंपन्यांकडून करून घेतले जाणारे आराखडे, आणि काम संपल्यावर जिल्ह्याच्या हातात काय उरते याबाबत.

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

जिल्ह्यात आज एकाच वेळी किती आराखडे चालू आहेत, याची एकत्र यादी आपल्यापैकी कुणाकडे असेल तर ती मला बघायची आहे. महापुराचा वेगळा, पंचगंगेच्या प्रदूषणाचा वेगळा, कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणातल्या 42 गावांचा वेगळा. अंबाबाई मंदिर परिसराचा तर 1,445 कोटींचा, त्याला मे 2025 मध्ये मंत्रिमंडळाची मान्यताही मिळाली. शिवाय 2023 पासून शासनाने प्रत्येक जिल्ह्याला करायला लावलेला जिल्हा विकास आराखडा आहेच, तो या सगळ्यांच्या डोक्यावर. यातल्या बहुतेकांमागे कुठली ना कुठली सल्लागार कंपनी असते. आराखडा एकीचा, प्रकल्प अहवाल दुसरीचा, देखरेखीला तिसरी. एका कंपनीने गोळा केलेली माहिती दुसरीला मिळते का, हे विचारायला गेले की प्रत्येक कार्यालय शेजारच्या कार्यालयाकडे बोट दाखवते.

माझी नोकरी नियोजनाच्या टेबलावर गेली. निवृत्तीनंतर काही कंपन्यांसाठी 'स्थानिक समन्वयक' अशा भारदस्त नावाखाली कामही केले. म्हणजे गाडीत पुढे बसून रस्ता दाखवायचा, सरपंचांना फोन लावायचे आणि तहसीलमधल्या ओळखीवर कागद मिळवून द्यायचे. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्या आहेत.

सल्लागार नकोतच, असे म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही. चार नद्यांचे पाणी एकत्र आल्यावर कुठे किती फुगेल याचे गणित मांडणे हे पंचायत समितीच्या वरिष्ठ सहायकाचे काम नव्हे. ते जाणकारांकडूनच करून घेतले पाहिजे आणि त्याचे पैसेही मोजले पाहिजेत. माझी तक्रार त्यानंतर काय होते, याबद्दल आहे. अहवाल आपल्याकडे येतो. तो ज्यावर उभा असतो ती मोजमापे, नोंदी, नकाशे आणि हिशेब कंपनीच्या संगणकात राहतात आणि कंपनीबरोबरच जिल्ह्याबाहेर जातात. पुढची कंपनी येते, पहिल्यापासून सुरुवात करते, आणि त्याच माहितीचे पैसे आपण पुन्हा देतो.

हे कसे घडते ते जरा सविस्तर सांगतो, कारण समितीसमोर येते ते शेवटचे सादरीकरण. त्याआधीचे महिने कुणी बघत नाही.

निविदा निघते तेव्हाच अर्धी गोष्ट ठरून जाते. वार्षिक उलाढाल इतक्या कोटींची हवी, गेल्या काही वर्षांत अशाच स्वरूपाची अमुक इतकी कामे केलेली हवीत, इतके तज्ज्ञ पदरी हवेत. अटी वाचायला चोख वाटतात. त्यातून इथली अभियांत्रिकी महाविद्यालये, शिवाजी विद्यापीठातले विभाग, गावातले अनुभवी स्थापत्यकार आपोआप गळतात. मग दिल्ली, गुरुग्राम, मुंबई, पुण्याची कंपनी पात्र ठरते. निविदेत ज्यांचे बायोडाटे जोडलेले असतात ते ज्येष्ठ तज्ज्ञ पहिल्या बैठकीला येतात, ताराबाई पार्कातल्या हॉटेलात उतरतात, संध्याकाळी तांबडा-पांढरा ओरपतात आणि सकाळच्या गाडीने जातात. (तांबड्या-पांढऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही.) पुढचे सगळे काम दोन-तीन तरुण मुलांच्या गळ्यात पडते. मुले हुशार असतात, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत राबतात, पण कागलहून गारगोटीला कुठल्या रस्त्याने जायचे तेही त्यांना गुगलला विचारावे लागते. शेवटी प्रत्यक्ष मोजणी आणि घरोघरीची पाहणी पोटकंत्राटाने दिली जाते. कुणाला? तर उलाढालीच्या अटीत जे गळले होते त्यांनाच. माणूस कोल्हापूरचाच राबतो, फक्त मोबदला मधल्या दोन हातांतून झिरपत त्याच्यापर्यंत येतो आणि अहवालावर त्याचे नाव नसते.

मग माहिती गोळा होते. कंपनीचा ई-मेल जिल्हा कार्यालयात येतो, तिथून बारा तालुक्यांना जातो. तालुक्यात आधीच पंधरा नमुने भरत बसलेला एखादा कारकून असतो. विषयाच्या जागी 'अतितातडीचे' लिहिलेले असते आणि मुदत उद्याची. तो गेल्या वर्षीचा तक्ता काढतो, जमेल तिथे आकडे बदलतो आणि पाठवून देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण या माहितीचे पुढे काय होणार हे त्याला कुणी कधीच सांगितलेले नसते. काही महिन्यांनी तोच तक्ता रंगीत वर्तुळाच्या रूपात सभागृहातल्या पडद्यावर झळकतो. आम्ही दिलेली माहिती आम्हालाच गुळगुळीत कागदावर विकत मिळते. गुळाच्या व्यापाऱ्याने शेतकऱ्याचीच ढेप त्याला रंगीत कागदात गुंडाळून परत विकावी, तसा हा प्रकार आहे.

आता शिरोळ तालुक्यातल्या एका गावातली गोष्ट. पुराच्या जोखमीची पाहणी चालली होती. पाहणी करणारा मुलगा टॅबवर प्रश्न वाचायचा आणि उत्तरावर बोट ठेवायचा. एका घरी वयस्कर गृहस्थ ओसरीवर बसले होते. प्रश्न आला : 'गेल्या पाच वर्षांत आपल्या गावात अतिवृष्टी झाली आहे का?' ते म्हणाले, "न्हाई बा. आमच्या हितं कुठला आलाय एवढा पाऊस?" मुलाने 'नाही'वर बोट ठेवले. टॅबने पुढचे पुराचे सगळे प्रश्न ओलांडून थेट शौचालयाचा प्रश्न पुढे केला. मी मागे उभा होतो. ज्या भिंतीला टेकून ते गृहस्थ बसले होते तिच्यावर पाण्याची रेघ त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर, माळ्याच्या तुळईजवळ दिसत होती. मी विचारले, "काका, मग ही रेघ कसली?" ते म्हणाले, "ते पुराचं हाय की. पूर आमच्या पावसानं येत न्हाई, वरनं येतोय. पाऊस बावड्याला पडतोय आणि बुडतोय आम्ही."

जिल्ह्याचा अख्खा जलविज्ञानाचा धडा त्या तीन वाक्यांत होता. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, शिरोळला पाचशेच्या आसपास. मध्ये सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरचे अंतर. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती यांचे पाणी पंचगंगेत येते, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णाही फुगलेली असली की तिथे पाणी मागे रेटले जाते. शिरोळचा पूर हा असा दुसऱ्यांचा पाऊस आहे. ज्याने प्रश्नावली तयार केली त्याच्या डोक्यात पाऊस आणि पूर एकाच ठिकाणी होतात असे गृहीत होते. ते समजण्यासारखे आहे, बऱ्याच जिल्ह्यांत ते खरेही असेल. त्या मुलाने उत्तर दुरुस्त करायचा प्रयत्न केला, पण प्रश्नांचा क्रम वरून ठरलेला होता. त्याने वरिष्ठांना कळवतो म्हणून सांगितले. पुढे अहवालात त्या गावाची जोखीम काय दाखवली गेली, ते मी बघू शकलो नाही. अंतिम अहवालात गावनिहाय तक्ताच नव्हता. होती ती जिल्ह्याची सरासरी. बावडा आणि शिरोळ यांची सरासरी काढून मिळणारा पाऊस जिल्ह्यात कुठेच पडत नाही, हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता विचार करा. त्या पाहणीची घराघरांची कच्ची नोंद जिल्ह्याकडे असती तर ही चूक नियोजन शाखेतल्या कुणालाही पकडता आली असती. एका तालुक्यात 'अतिवृष्टी नाही' म्हणून पुराचे प्रश्न कितीदा गाळले गेले, एवढे मोजले की पुरे. पण कच्ची नोंद मागितली की उत्तर ठरलेले : ती कराराप्रमाणे द्यायच्या गोष्टींत नाही. आणि करार बघितला तर खरोखर नसते. प्रारंभिक अहवाल, मसुदा अहवाल, अंतिम अहवाल, सादरीकरण, इतक्या प्रती रंगीत, इतक्या साध्या. प्रती मोजून घ्यायला आम्ही कधी चुकलो नाही.

पुराबद्दल एवढे लांबण लावले, कारण आत्ता सगळ्यात मोठा पैसा तिकडेच येतो आहे. 2019 च्या महापुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, 2020 मध्ये तिचा अहवाल आला आणि जुलै 2021 मध्ये कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावरचे पाणी पुन्हा 55 फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी 43 फूट आहे. आता जागतिक बँकेच्या साहाय्याने, राज्याच्या 'मित्र' या धोरण-सल्लागार संस्थेमार्फत, कृष्णा खोऱ्यातल्या पुरासाठी मोठा कार्यक्रम सुरू झाला आहे. चांगली गोष्ट आहे. पण वडनेरे समितीने केलेल्या शिफारशींपैकी कोल्हापूर जिल्ह्याशी संबंधित किती, त्यातल्या झाल्या किती, अडल्या किती आणि कुठल्या विभागाकडे अडल्या, असे एक पान जिल्ह्यात कुणी तयार ठेवले आहे का? मी बऱ्याच टेबलांवर विचारले. अहवालाची प्रत मिळाली, ते पान मिळाले नाही. पाटबंधारे खात्याच्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांकडे कोणत्या बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) कोणत्या तारखेला काढले याच्या वर्षानुवर्षांच्या वह्या आहेत. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे कुठल्या वेळी उघडले आणि ते पाणी राजाराम बंधाऱ्यापर्यंत यायला किती तास लागले, हे तोंडपाठ सांगणारी माणसे आहेत, आणि ती एकेक करून निवृत्त होत आहेत. बाहेरून येणारे कुठलेही संगणकी प्रतिमान (मॉडेल) या नोंदींवर तपासून बघितल्याशिवाय आपण मान्य करता कामा नये. त्यासाठी आधी त्या वह्या एका ठिकाणी यायला हव्यात. हे काम कुठल्याच निविदेत नसते.

नदीच्या प्रदूषणाचेही असेच. 2012 मध्ये इचलकरंजीत कावीळ पसरली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, 'नीरी'सारख्या (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) नामांकित संस्थेने अभ्यास केला. त्यानंतर सांडपाणी प्रक्रिया केंद्रे झाली, नाले अडवले गेले. तरी उन्हाळ्यात नदीला फेस आला, मासे मेले की पुन्हा नव्या अभ्यासाची मागणी होते, आणि ती करणाऱ्यांत आपल्यातलेही काही असतात. अभ्यास जाहीर केला की काहीतरी केल्यासारखे वाटते. शहराचे सांडपाणी नदीकडे नेणाऱ्या जयंती नाल्यावरचे उपसा पंप किती तास बंद होते याची रोजची नोंद लोकांपुढे ठेवली तर कदाचित अभ्यासाची गरजही पडणार नाही, पण त्यात उद्घाटन नाही.

मोबदल्याच्या पद्धतीबद्दलही बोलले पाहिजे. प्रकल्पाच्या सल्लागाराची फी पुष्कळदा प्रकल्पाच्या खर्चाच्या टक्क्यात ठरते. म्हणजे ज्याने खर्च कमी करण्याचा मार्ग सुचवायचा, त्याचेच उत्पन्न खर्च वाढला की वाढते. कुणी लबाडी करतो असे मी म्हणत नाही. लबाडी न करताही माणूस मोठा पंप, रुंद रस्ता आणि नव्या इमारतीकडेच झुकणार. दुरुस्ती सुचवणारा सल्लागार मी फार थोडा बघितला.

शहराने याची किंमत मोजली आहे. एकात्मिक रस्ते प्रकल्प 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' तत्त्वावर आला, तेव्हा करारात आणि अहवालांत काय आहे ते सामान्य कोल्हापूरकराला टोलनाके उभे राहिल्यावर कळले. मग प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, रस्त्यांच्या मूल्यांकनासाठी समित्या बसल्या, आणि 2015 अखेर शासनाला टोल रद्द करावा लागला. मोजमापे आणि वाहतुकीचे अंदाज सुरुवातीलाच मराठीत लोकांपुढे ठेवले असते तर हे सगळे नाक्याऐवजी सभागृहात भांडता आले असते. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाईपलाईनचे तर आपण सगळे साक्षीदार आहोत. मागणी कित्येक दशकांची, योजना 488 कोटींची. मंजुरीनंतर दहा वर्षे परवानग्या, जागा आणि खोदाईत गेली आणि 2023 च्या दिवाळीत पाणी शहरात पोचले. पोचले याचा आनंद सगळ्यांना झाला. पण वाटेत नेमके काय काय अडले, कुठली परवानगी आधी घ्यायला हवी होती, याची नोंद पुढच्या योजनेसाठी कुणी लिहून ठेवली आहे का?

आता प्रशासन सुधारणेकडे येतो, कारण त्यातही हल्ली सल्लागार येऊ लागले आहेत. 'प्रक्रियांची पुनर्रचना' असा शब्द असतो, बाणांचे आणि चौकटींचे तक्ते असतात. एका सादरीकरणात दाखल्याचा अर्ज सात टेबलांवरून फिरतो हे शोधून काढल्याबद्दल टाळ्या वाजल्या होत्या. मागच्या रांगेत बसलेल्या शिपायाला ते माहीत होते, कारण तो अर्ज त्यानेच सातही टेबलांवर पोचवलेला असतो.

महाराष्ट्राच्या कचेऱ्यांत खऱ्या अर्थाने रुजलेल्या सुधारणा बघितल्या तर त्या आतून आलेल्या दिसतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी आणि अभिलेख लावण्याची पद्धत बदलली, तो 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गेला. सहा गठ्ठे पद्धत आजही टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला शिकवली जाते : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायच्या आणि नष्ट करायच्या. साधी गोष्ट आहे, पण ज्या टेबलावर ती प्रामाणिकपणे पाळली जाते तिथे नागरिकाचा कागद हरवत नाही. 2025 मध्ये राज्य सरकारने कार्यालयीन सुधारणांचा शंभर दिवसांचा कार्यक्रम घेतला, भारतीय गुणवत्ता परिषदेकडून मूल्यमापन करून घेतले. त्यातही संकेतस्थळांच्या बरोबरीने जुने अभिलेख लावणे आणि नको ते निर्लेखित (नोंदीतून कमी) करणे होतेच. कचेऱ्या तेवढ्यापुरत्या खरोखर झळकल्या. एकशे एकाव्या दिवशी काय झाले ते आपण कुठल्याही तालुक्याच्या अभिलेख कक्षात पूर्वसूचना न देता जाऊन बघावे.

सल्लागारांवर आपण एवढे का विसंबतो, याचे खरे उत्तर मात्र रिकाम्या खुर्च्यांत आहे. नगररचनाकार नाहीत, कनिष्ठ अभियंत्यांची पदे भरलेली नाहीत, सांख्यिकी सहायक एक आणि त्याच्याकडे कार्यभार तिघांचा. पद भरले की निवृत्तीपर्यंत पगार द्यावा लागतो, सल्लागाराची फी एकदाच दिसते म्हणून ती स्वस्त वाटते. त्यात मधली वर्षे अशी गेली की प्रश्न विचारायलाही कुणी नव्हते. महापालिका सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली, जिल्हा परिषदेची मार्च 2022 मध्ये, आणि दोन्हीकडे वर्षानुवर्षे प्रशासक राहिले. राज्यघटनेच्या अनुच्छेद 243 झेडडीप्रमाणे आपल्या समितीचे किमान चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायला हवेत. ते सभागृहच नसताना आराखडे कुणी तपासले? एक अधिकारी सादर करतो, दुसरा स्वीकारतो, आणि दोघांचीही बदली व्हायची असते.

मला आपल्याकडून जे हवे आहे ते बहुतेक समितीच्या अधिकारात बसते. नवा सल्लागार नेमण्याचा प्रस्ताव कुठल्याही विभागाकडून आला, की त्याच विषयावर याआधी झालेले सगळे अहवाल आणि त्यांतल्या शिफारशींची आजची स्थिती प्रस्तावाला जोडल्याशिवाय तो विषयपत्रिकेवर घेऊ नये. विभाग कुरकुर करतील, वेळ नाही म्हणतील. तेव्हा त्यांना विचारावे की जुने वाचायला वेळ नसेल तर नवे वाचणार कोण.

करारात एक कलम कायमचे घालावे : कच्ची माहिती, पाहणीच्या प्रश्नावल्या, मोजणीचे नकाशे, हिशेबाची पत्रके, प्रतिमान चालवायला लागणारे सगळे साहित्य, हे उघडता येईल अशा स्वरूपात जिल्ह्याच्या ताब्यात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. बंद पीडीएफ चालणार नाही. ताबा घेणारा नावानिशी अधिकारी ठरलेला असावा आणि त्याने ते स्वतः उघडून चालवून बघितल्याचा दाखला फाईलला लागावा. घरोघरच्या पाहणीतली लोकांची नावे आणि मोबाईल नंबर झाकून ठेवावेत, हे ओघाने आले. उरलेले जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकायला अडचण नसावी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार महत्त्वाची धोरणे आखताना त्यासंबंधीची तथ्ये स्वतःहून प्रसिद्ध करणे हे कर्तव्यच आहे. अर्ज आल्यावर तीस दिवसांनी द्यायची ती गोष्ट नव्हे.

अहवाल मराठीत हवा. शेवटी चिकटवलेला दोन पानी गोषवारा मी धरत नाही, अख्खा अहवाल म्हणतो. राजभाषा अधिनियम 1964 चा आहे. तीनशे पानी इंग्रजी अहवाल आपल्यातल्या किती जणांनी शेवटपर्यंत वाचला, हे मी विचारत नाही, अडचणीत आणायचे नाही. पण ज्या गावातून निळी आणि लाल पूररेषा (पुराच्या पाण्याची हद्द दाखवणारी) जाणार आहे तिथल्या सरपंचाला ती कशी आखली हे त्याच्या भाषेत कळले पाहिजे, कारण बांधकामाची परवानगी का मिळत नाही हे गावात त्यालाच सांगावे लागते.

निविदेच्या अटींत स्थानिक शिक्षणसंस्थेला पोटकंत्राटदार न मानता भागीदार म्हणून घेण्याची मुभा ठेवावी आणि तिच्याकडे माहितीचा एक संच कायम राहावा. विद्यापीठ 1962 पासून इथे आहे, उद्याही इथेच असणार आहे. यावर एक आक्षेप मला आत्ताच ऐकू येतो : स्थानिक म्हटले की ओळखीपाळखी, गटतट आणि साखर कारखान्यांचे राजकारण आले. खरे आहे. म्हणूनच माहिती उघडी ठेवण्याची अट आधी आणि भागीदारीची नंतर मांडली आहे. आकडे सगळ्यांना दिसत असले की ओळखीचा माणूसही जपून लिहितो.

फी टक्क्यात न ठरवता कामाच्या टप्प्यांवर ठरवता आली तर बरे. पण यातल्या काही गोष्टी शासनाच्या वित्तीय नियमांना बांधलेल्या आहेत आणि त्या एकट्या समितीच्या हातात नाहीत, याची मला कल्पना आहे. निदान तसा ठराव करून वर पाठवता येईल.

एक शेवटची सूचना आणि थांबतो. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, महापालिका आणि प्राधिकरण या चार ठिकाणी मिळून गेल्या वीस वर्षांत झालेल्या सगळ्या सल्लागारी कामांची नोंदवही तयार करावी. विषय, वर्ष, कंपनी, फी, अहवालाची प्रत कुठल्या कपाटात आहे, कच्ची माहिती मिळाली की नाही, शिफारशींचे काय झाले. एवढे सात रकाने. यासाठी निविदा काढू नये. सांख्यिकी शाखेतला एक सहायक, चारही कार्यालयांच्या अभिलेखपालांना आपल्या सहीचे एक पत्र आणि तीन महिन्यांची मुदत एवढे पुरेल. माझ्यासारखे निवृत्त कर्मचारी गावात पुष्कळ आहेत. कुठला अहवाल कुणाच्या कारकिर्दीत आला आणि कुठल्या कपाटात गेला हे त्यांना आठवते, आणि बोलावले तर ते मानधन न घेता येतील. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय ऐनवेळच्या विषयांत न ढकलता विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती.

कळावे,

आपला,
नियोजन शाखेतील एक निवृत्त कर्मचारी
करवीर, जि. कोल्हापूर